न तापणाऱ्या यंत्राचे निदान : मुडबीची मतमतांतरे

घरगुती विद्युत उपकरणांच्या दोषांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील दोष स्वतःहून जाहीर होतात. पंखा थांबतो, दिवा विझतो, मिक्सर जळका वास सोडून मान टाकतो, आणि एरवी कशावरही एकमत न होणारे कुटुंब निदान एवढ्यापुरते तरी एका मताचे होते. दुसऱ्या वर्गातील दोष यंत्र चालू ठेवून आत नांदतात, आणि भांडी धुण्याच्या यंत्रातील, म्हणजे बाजारात व घरात ज्याला सरळ डिशवॉशर म्हणतात त्या पेटीतील, पाणी न तापण्याचा दोष हा या वर्गाचा मुकुटमणी होय. असे यंत्र पाणी घेते, घरघरते, साबणाचे झाकण वेळेवर उघडते, पाणी बाहेर सोडते आणि दोन-अडीच तासांनी काम फत्ते झाल्याची पिपाणीही वाजवते. त्याने काय केलेले नसते तर फक्त पाणी गरम. परिणामी ताटे ओलीगार निघतात, वाटीच्या बुडाला तुपाचा पांढुरका थर तसाच राहतो, आणि दोष यंत्रात आहे की वाटी लावणाऱ्यात, हा प्रश्न खुला राहतो. खुला प्रश्न आणि एकत्र कुटुंब यांची गाठ पडली की पुढे जे घडते, त्याचाच येथे परामर्श घ्यावयाचा आहे.

त्यासाठी मुडबी हे गाव निवडण्यास कारण आहे. बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील हे गाव कलबुर्गी जिल्ह्याच्या सीमेजवळ असून, १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी होऊन बिदर जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेल्यापासून घरात मराठी बोलावी, कचेरीत कन्नड वाचावी आणि मिस्त्रीशी दखनीत घासाघीस करावी, अशी सोयीची विभागणी या टापूतील अनेक घरांनी करून घेतलेली आहे. त्यामुळे एकाच बिघाडाची निदाने तीन भाषांत मिळू शकतात, जी सोय पुण्यामुंबईकडे सहसा नसते. येथे कोणत्याही एका घराचे नाव घेण्याचे कारण नाही. चौसोपी वाडा पाडून बांधलेले, मागे मोरी आणि पुढे ट्रॅक्टर असलेले एक प्रातिनिधिक घर कल्पावे, म्हणजे पुरे.

अशा घरात डिशवॉशर विकत घेऊन येत नाही, तर सेवानिवृत्त होऊन येते. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतील धुण्याभांड्यांच्या बायकांचे येणे थांबले, तेव्हा पुण्याला आणि हैदराबादला नोकरीस असलेल्या अनेक सुशिक्षित पुरुषांना आयुष्यात प्रथमच खरकट्याचे दर्शन घडले आणि त्या धक्क्यातून या यंत्रांची मागणी एकाएकी वाढली. पुढे नवा फ्लॅट आला, त्यात नवे यंत्र आले, आणि जुने यंत्र ‘गावाकडं आईला होईल’ या मातृभक्तीच्या शब्दांसह जुन्या फ्रीजच्या शेजारी टेम्पोत चढले. आईला ते हवे होते काय, हे विचारण्याची प्रथा नाही.

मुडबीत उतरल्यावर प्रथम पात्रतेचा प्रश्न उपस्थित होतो. यंत्रात पितळेचा हंडा घालता येत नाही, कारण तो काळवंडतो. लोखंडी तवा घालता येत नाही, कारण तो गंजतो. ॲल्युमिनियमचे पातेले घालावयाचे नाही, लाकडी काटवट तर मुळीच नाही, आणि ज्वारीचे पीठ वाळून सिमेंटच्या जातीचे झालेली परात आत मावत नाही. अशा रीतीने छाननी झाल्यावर काही स्टीलची ताटे, वाट्या आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले काचेचे पेले एवढेच उमेदवार उरतात. तेही आत जाण्यापूर्वी मोरीवर नारळाच्या शेंडीने घासून, विसळून, निथळून घेतले जातात, कारण ‘खरकटं भांडं मशिनीत कसं घालावं, मशीन घाण होईल की’, असा आजींचा दंडक असतो आणि त्यापुढे कोणत्याही अभियंत्याचे काही चालत नाही. शास्त्रीय दृष्टीने या दंडकाचा परिणाम असा होतो की स्वच्छ भांडी आत जातात आणि स्वच्छ भांडी बाहेर येतात, आणि मधल्या दोन तासांत यंत्राने नेमके काय केले याचा कोणताही पुरावा मागे राहत नाही. पाणी तापणे बंद झाल्यावरही हा दोष कित्येक महिने उघडकीस येत नाही, याचे मूळ येथे आहे.

वस्तुतः गरम पाणी हा या यंत्राचा प्राण, आणि त्याचा अभाव हे त्याचे जन्मजात दुखणे आहे. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल येथील जोसेफीन कॉक्रेन या बाईंनी २८ डिसेंबर १८८६ रोजी आपल्या यंत्राचे पेटंट मिळवले. त्यांना स्वतःला भांडी घासण्याचा कंटाळा होता असे नव्हे, घासणारे नोकर होतेच; पण नोकरांच्या हातून ठेवणीतल्या चिनी मातीच्या बशांचे टवके उडत, हे त्यांना सोसवत नव्हते. म्हणजे या शोधाची प्रेरणा आळस नसून संशय ही होती, आणि हे समजल्यावर यंत्र मुडबीच्या सासवांना अधिक जवळचे वाटण्याचा संभव आहे. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात बाईंच्या यंत्राचे कौतुक झाले, हॉटेलांनी ते घेतले, पण घरोघरी ते पुष्कळ काळ गेले नाही, कारण सामान्य घरात तेवढे गरम पाणीच नसे. पुढे यंत्रालाच पाणी तापवण्याचा अवयव जोडला गेला आणि घराची अडचण यंत्राच्या पोटात गेली.

हा अवयव म्हणजे मिस्त्रींच्या भाषेतील ‘कॉईल’. निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची, नायक्रोमची, तार धातूच्या नळीत बसवून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते आणि वीज अडवते, म्हणजे घरातील गोष्ट बाहेर जाताना नेमके उलटे करणाऱ्या माणसांपेक्षा ती कितीतरी विवेकी आहे. अशी कॉईल साधारण १,८०० ते २,००० वॅटची असते आणि २३० व्होल्ट दाबावर तिचा विद्युतरोध सुमारे २६ ते ३० ओहम भरतो. तार कोठे तुटली तर रोध अनंत होतो; वीज दारापर्यंत येऊन परत जाते. पण कॉईल शाबूत असूनही पाणी थंड राहू शकते, कारण तिच्यावर पहारे पुष्कळ असतात. पाणी पुरेसे भरले नाही तर तिला चालू होऊ न देणारा दाबाचा स्विच, तापमान सांगणारा थर्मिस्टर, प्रमाणाबाहेर तापल्यास मार्ग तोडणारा थर्मल कटआउट, आणि या सर्वांचे म्हणणे ऐकून निर्णय देणारे ‘कार्ड’, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पट्टी, यांपैकी कोणीही एक रुसले तरी बाकीचे हातावर हात ठेवून बसतात. सहकारी संस्थांच्या बैठकींना नियमित जाणाऱ्यांना ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

दोष आहे अशी पहिली कुजबुज सुनेकडून येते, आणि तिला मिळणारा पहिला प्रतिसाद नकाराचा असतो.

“भांडी गारच निघू लालेत, आत्या.”

“मग काय चटका बसाया पाहिजे का? पाणी येऊ लालंय, आवाज येऊ लालाय, बिघडलं कुठं?”

यानंतर पुण्याहून व्हिडिओ कॉलवर चिरंजीवांना पाचारण केले जाते. या पदावरील माणूस यंत्र समोर नसताना सर्वाधिक आत्मविश्वासाने बोलतो, हे लक्षात घ्यावे. त्यांचा पहिला सल्ला ‘बंद करून चालू करा’ हा असतो, दुसरा ‘आता परत बंद करून जरा थांबून चालू करा’ हा असतो, आणि मॅन्युअल पाहण्याची सूचना तिसऱ्या क्रमांकावर येते, तोवर मॅन्युअलच्या पानांत शेंगदाण्याची चटणी बांधून कोणीतरी शेताला गेलेले असते. काही यंत्रे दोष आकड्याने कळवतात. पाणी तापत नसल्यास पडद्यावर ‘ई’ हे रोमन अक्षर आणि त्यापुढे ०९ असा संकेत देणारी यंत्रे आहेत. मुडबीच्या या घरात त्याचे वाचन ‘नऊ मिंटं राहिलेत’ असे झाले आणि घरातील दोन जबाबदार माणसे ती नऊ मिनिटे संपण्याची वाट पाहत बराच वेळ बसून राहिली, यात त्यांचा दोष नाही, कारण रेल्वेने प्रवास करणाऱ्या माणसाला या प्रकारच्या नऊ मिनिटांची सवय असते.

मग संशयाचा काटा साबणाकडे वळतो. यंत्राची खास पूड महाग पडते म्हणून मोरीवरचा पातळ साबण घातला जातो, आणि हात घासताना गुणी वाटणारा तो साबण बंद पेटीत फेसाचे असे रूप धारण करतो की दाराच्या फटीतून निघून तो स्वयंपाकघर ओलांडतो व देवघराच्या उंबऱ्याशी थबकतो. वास्तविक त्या खास पुडीत मुख्यतः धुण्याच्या सोड्यासारखे अल्कधर्मी क्षार असतात आणि आजींच्या राखेतही तोच गुण पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपाने असतो. दोघांची झटापट त्याच तुपाशी चाललेली असते. फरक इतकाच की राखेला आजींच्या मनगटाचा जोर मिळतो आणि पुडीला गरम पाण्याचा मिळावयाचा असतो, तो येथे मिळत नाही.

फेस पुसून होईपर्यंत व्होल्टेजवादी पक्ष पुढे येतो. या पक्षाचे अध्वर्यू घरातील काका असून ‘दाब नाही’ हे त्यांचे निदान यंत्रांना, माणसांना आणि एकूण सार्वजनिक जीवनालाही लागू पडते. या एका मतात मात्र तथ्य आहे, हे नाकारता येत नाही. शेतीच्या पंपांना थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते. ती आली की शिवारातील मोटारी एकदम सुरू होतात आणि घरातील दाब खाली येतो. उष्णता ही दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून २३० ऐवजी १६० व्होल्ट मिळाले तर दाब तिसऱ्या हिश्श्याहून कमीच घटलेला दिसतो, पण २,००० वॅटची कॉईल सुमारे ९७० वॅटवर, म्हणजे निम्म्याखाली, येते. दिवा जळतो, टीव्हीवर मालिका चालू राहते, आणि पाणी कोमटाच्या पुढे सरकत नाही. काकांनी हे गणित केलेले नसते, तरी निष्कर्ष बरोबर असतो. अडचण फक्त एवढीच की मध्यरात्री, गावातील सर्व मोटारी बंद असताना आणि दाब भरपूर असताना यंत्र लावून पाहिले, तेव्हाही पाणी थंडच राहिले. “रातचं गारच असतंय पाणी,” असे सांगून काका झोपावयास गेले.

दाबानंतर पाळी प्लगची आली. कॉईलला ८ ते ९ अँपिअर विद्युतप्रवाह लागतो आणि त्यासाठी १६ अँपिअरचा, बोलीत ज्याला ‘पॉवर प्लग’ म्हणतात तो, लागतो. घरात पॉवर प्लग एकच असून त्यावर गिरणी चालते. म्हणून यंत्राला मोबाईल चार्ज करण्याच्या एक्स्टेंशन बोर्डावरून वीज दिलेली होती आणि बोर्डाचे एक भोक वितळून पिनेला कायमचे चिकटले होते. ते पाहून सर्वांना मूळ कारण सापडल्याचा आनंद झाला. बोर्ड बदलला, यंत्र ओसरीवर आणले, त्या गडबडीत पाण्याची नळी निघून ओसरी धुतली गेली, आणि यंत्र गिरणीच्या प्लगवर थाटात सुरू झाले. पाणी थंड.

आता दैवी कारणांचा विचार करणे क्रमप्राप्तच होते. शेजारच्या बाईंनी मागच्याच आठवड्यात ‘बाई, तुमची तर मज्जाच हाय’ असे म्हटल्याचे आजींना आठवले, आणि मीठ-मोहरी घेऊन यंत्रावरून उतरवून टाकण्यात आली. अर्थिंगमध्ये कसर असेल या शंकेने काकांनी परसातील अर्थिंगच्या खड्ड्यात कोळशाबरोबर पाच किलो जाडे मीठ ओतले, कारण मिठाने माती ओली राहते व वीज जमिनीत नीट उतरते, हे त्यांना पंपाच्या निमित्ताने ठाऊक होते. याप्रमाणे मीठ यंत्रावरून ओवाळले गेले आणि यंत्राखालच्या जमिनीतही गेले. ते फक्त यंत्राच्या पोटातील मिठाच्या डब्यात गेले नाही, जेथे ते जावे म्हणून कारखान्याने एक नरसाळेसुद्धा सोबत दिलेले होते. त्या नरसाळ्याने घरात करडईचे तेल ओतले जाते.

या डब्याचे महत्त्व सांगणे आवश्यक आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असतात, त्याला जड पाणी म्हणतात. डाळ शिजता शिजत नाही, केसांना साबण लागत नाही आणि भगुण्याच्या कडेला पांढरी रेघ उमटते, ती याच पाण्याची सही. पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेट फुटून चुनखडीचा थर बसतो, आणि तो सर्वांत आधी, सर्वांत प्रेमाने कॉईलवर बसतो. यंत्रातील रेझिनचे मणी हे क्षार धरून ठेवतात व मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे होतात. मीठ संपले की मणी हतबल होतात. मग थराखाली गुदमरलेली कॉईल आपली उष्णता पाण्याला देऊ शकत नाही, स्वतःच अधिकाधिक तापते आणि एके दिवशी आतल्या आत तुटते. पाणी पुण्याचे धरणाचे असताना जे मीठ महिनोन्महिने पुरत होते, ते मुडबीच्या बोअरवर किती पुरेल, याचा विचार टेम्पो भरताना कोणी करावयाचा असतो, हे ठरलेले नाही.

अखेर मिस्त्री आले. मुडबीसारख्या गावात विद्युतशास्त्राचा अंतिम अधिकार मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या मिस्त्रीकडे असतो, आणि तो प्रत्येक वस्तू हॉर्सपॉवरमध्ये पाहतो. “कित्ते वाट की है?” त्यांनी विचारले. दोन हजार असे कळताच, ७४६ ने मनात भागून त्यांनी कपाळाला हात लावला. “पौने तीन एचपी? बासन धोने कू? इत्ते में तो बावडी खाली होती!” तरीही त्यांनी मागचा पत्रा उघडला आणि टेस्टर लावला. टेस्टरमधील निऑनचा दिवा पेटण्यास अत्यल्प प्रवाह पुरतो, म्हणून तो पेटला एवढ्यावरून वीज पोहोचली असे म्हणता येते, काम करीत आहे असे म्हणता येत नाही. हा फरक न कळल्यामुळे घरातील मंडळींनी दिवा पेटताच “बगा, करंट हाय, मशीन ठीक हाय” असा जल्लोष केला.

मिस्त्री मात्र जुन्या घराण्यातील असल्यामुळे त्यांनी प्लग काढावयास लावून कॉईलच्या दोन्ही वायरी सोडवल्या आणि ‘सिरीज’ बाहेर काढली. सिरीज म्हणजे १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब एका वायरीत जोडून केलेले परीक्षायंत्र. ज्या वस्तूची शंका असेल ती त्या मार्गात घालावयाची, वस्तू शाबूत असेल तर बल्ब लागतो आणि तार तुटलेली असेल तर लागत नाही. हे काम जाणकारानेच करावे, कारण यात उघड्या टोकांशी गाठ असते. म्हणूनच मिस्त्रींनी प्रथम सर्व मुलांना आणि मग काकांना दूर पिटाळले. बल्ब लागला नाही. “एलिमेंट उड गया,” मिस्त्री म्हणाले. महिनाभर चाललेल्या वादाचा निकाल अशा चार शब्दांहून कमी शब्दांत लागणे कोणालाच रुचले नाही, आणि काकांनी “तरी दाबाचं एकदा बगा की,” असे सुचवून पाहिले.

नवी कॉईल बसवकल्याणला मिळाली नाही, हुमनाबादला मिळाली नाही, कलबुर्गीच्या दुकानात जी मिळाली ती गिझरची निघाली, आणि शेवटी हैदराबादहून बसच्या ड्रायव्हरच्या हाती जी आली ती बरोबर होती. जुनी बाहेर काढली, तेव्हा तिच्यावर चुन्याचा इतका जाड पांढरा लेप होता की ती कॉईल आहे हे सांगावे लागले. सुनेने ती उचलून कोणाकडेही न पाहता सर्वांना दिसेल अशा खिडकीत ठेवली. मिठाचा डबा भरला गेला, यंत्र सुरू झाले, आणि थोड्या वेळाने दार उघडताच वाफ बाहेर आली. आजींनी पुढे होऊन वाटीला बोट लावले आणि चटकन मागे घेतले.

हा सर्व वेळ आप्पा, म्हणजे घराचे कर्ते वृद्ध पुरुष, ओसरीवरील मीटरखाली नेहमीच्या खुर्चीत बसलेले होते. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेखाली घरगुती ग्राहकांना २०० युनिटांच्या मर्यादेत वीज मोफत मिळते, पण मर्यादा प्रत्येकाची निराळी असून सुरुवातीच्या नियमाप्रमाणे ती २०२२-२३ च्या सरासरी वापरावर १० टक्के वाढ धरून ठरवलेली आहे. म्हणून असंख्य घरांत एक वडीलधारा माणूस या सरासरीच्या रक्षणासाठी स्वयंस्फूर्तीने नेमला गेलेला आहे. डिशवॉशरच्या एका खेपेला साधारण एक युनिट लागते, आणि त्यातील बहुतेक भाग पाणी तापवण्यात जातो. इलेक्ट्रॉनिक मीटरवरील बारीक लाल दिवा विजेच्या वापराच्या वेगाने लुकलुकतो. कॉईल चालू झाली की तो पळू लागतो.

तो पळताना पाहून आप्पा प्रथमच बोलले.

“झालं का दुरुस्त? दिवाळीपासनं बंद होती ती काईल.”

“तुम्हांला माहीत होतं, आप्पा?” सुनेने विचारले.

“दिवा सावकास लुकलुकायचा की. मशीन चालू हाय आन् दिवा पळंना, म्हंजी गरम होईना.”

“मग सांगायचं नाही का?”

“बिल शून्य येऊ लालं होतं,” आप्पा म्हणाले, आणि मिस्त्रींकडे वळून त्यांनी विचारले, “मिस्त्री, हिला गरम न करता चालवायचं बटन कुठलं हाय?”

असे बटन असते. कित्येक यंत्रांत फक्त गार पाण्याने विसळण्याचा एक कार्यक्रम दिलेला आहे. मिस्त्रींनी तो दाखवला आणि आप्पांनी त्यावर कुंकवाचा ठिपका लावून घेतला.